मोडलेला हात आणि धावदोरा

हाताची दुखापत माणसाला अंथरुणाला खिळवत नाही, घरातल्या घरात रिकामं बसवते. पाय मोडला की आजारपण सगळ्यांना दिसतं. कुणी उशाशी पाणी ठेवतं, कुणी डबा घेऊन येतं. मनगट मोडलेली बाई मात्र चालते-फिरते, दारात आलेल्याशी बोलते, आणि तरीही तिला भाकरी थापता येत नाही, वेणी घालता येत नाही, साडीच्या निऱ्या काढता येत नाहीत. ज्यांचं पोट आणि घरातली जागा दोन्ही हाताच्या कामावर उभी असतात, त्यांना हे रिकामपण ठणक्याइतकंच छळतं. अशा काळात गोधडी, दुपटं, भरतकाम, क्रोशे असं सुईचं काम धीर देतं, हा अनुभव आपल्याकडे जुना आहे. त्याला वेळ घालवण्याचं साधन म्हणून बाजूला टाकणं बरोबर नाही. हाताच्या रचनेत, दुखण्याच्या शास्त्रात आणि घराच्या रोजच्या व्यवहारात त्याची पक्की कारणं आहेत.

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातलं लासूर स्टेशन हे या विषयाचा विचार करायला योग्य गाव आहे. मनमाडहून संभाजीनगरकडे येणाऱ्या रेल्वेमार्गावर, शहराच्या अलीकडे चाळीसेक किलोमीटरवर ते आहे. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर निजामाच्या राज्यात हैदराबाद-गोदावरी खोरे रेल्वे धावू लागली आणि स्टेशनच्या आसपास बाजारपेठ उभी राहिली. जुनं लासूरगाव शिवना नदीच्या काठी, वैजापूर तालुक्यात. दाक्षायणी देवीमुळे ते ओळखलं जातं. स्टेशनभोवतीची वस्ती गंगापूर तालुक्यात मोडते. इथल्या कृषी उत्पन्न बाजार समितीत कांद्याची मोठी आवक होते, आजूबाजूच्या शिवारात कापूस आणि मका आहे. कापूस वेचणं, कांद्याची पात कापणं, खुरपणी, कट्टे भरणं, पोत्यांची तोंडं शिवणं ही सगळी बोटांची कामं आहेत. शहराच्या अलीकडे वाळूजची औद्योगिक वसाहत आहे. तिथे गाड्यांचे सुटे भाग बनतात आणि पंचक्रोशीतली तरुण मुलं पॉवर प्रेसवर उभी राहतात.

या कामांच्या दुखापती ठरलेल्या आहेत. मळणीयंत्रात पेंढी सारताना हात आत ओढला जातो. बाईच्या साडीचा पदर किंवा ओढणी पट्ट्यात अडकते. यंत्राच्या तोंडाशी पुरेशा लांबीचा पन्हळीसारखा भाग असला तर हात पात्यापर्यंत पोचत नाही. संसदेने धोकादायक यंत्रांचं नियमन करणारा कायदा १९८३ साली केला तो प्रामुख्याने या मळणीयंत्रांसाठीच. कडबाकुट्टीचं यंत्र दिसायला साधं, पण त्याची पाती मळणीयंत्राइतकीच निर्दय असतात. पॉवर प्रेसखाली बोटं चेंगरतात किंवा तुटतात. आणि सगळ्यांत जास्त दिसणारी, पण कुठल्याच नोंदवहीत फारशी न येणारी दुखापत म्हणजे ओल्या फरशीवर, मोरीत किंवा मोटरसायकलवरून पडून मोडलेलं मनगट.

पडताना माणूस आपोआप हात पुढे टेकवतो आणि सगळा भार मनगटाजवळच्या हाडावर येतो. तिथून हाड मोडून मागे सरकलं की हाताचा आकार उलट्या धरलेल्या काट्याच्या चमच्यासारखा दिसतो. डब्लिनचे शल्यविशारद अब्राहम कॉलिस यांनी १८१४ साली या मोडीचं वर्णन केलं, म्हणून ती त्यांच्या नावाने ओळखली जाते. एक्स-रेचा शोध तेव्हा ऐंशी वर्षं दूर होता. कॉलिसनी हे निदान नुसत्या बोटांनी चाचपून मांडलं होतं. पाळी गेल्यानंतर बाईच्या हाडांतला कस झपाट्याने उतरतो, त्यामुळे पन्नाशीनंतर साधं घसरणंही पुरेसं होतं. हाड जागेवर बसवून साधारण पाच-सहा आठवडे प्लास्टर ठेवतात. मोड गुंतागुंतीची असेल तर तारा किंवा पट्टी घालावी लागते.

लासूरसारख्या भागात या टप्प्यावर अजूनही पुष्कळ जण आधी हाडवैद्याकडे जातात. त्यातले काही अनुभवी असतात, हे खरं आहे. पण कामट्या घालून करकचून बांधलेल्या पट्टीखाली सूज वाढली की रक्तपुरवठा तुटतो, स्नायू मरतात आणि बोटं आखडून कायमची पंजासारखी होतात. जर्मन शल्यविशारद रिशार्ड फोन फोल्कमान यांनी १८८१ साली या आखडण्याचं कारण सांगितलं. बोटं निळी पडणं, बधिर होणं, बोट सरळ करताना असह्य कळ येणं ही लक्षणं दिसली तर रात्र काढायची नसते. पट्टी तत्काळ सोडून रुग्णालय गाठायचं असतं. लासूरकरांसाठी मोठं सरकारी रुग्णालय म्हणजे संभाजीनगरचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, सगळ्या मराठवाड्याची ‘घाटी’.

प्लास्टर निघतं तो दिवस सुटकेचा असेल असं रुग्णाला वाटत असतं. प्रत्यक्षात खरी निराशा तिथून सुरू होते. हात बारीक झालेला असतो, कातडी कोरडी, मनगट लाकडासारखं ताठ. मूठ वळत नाही. तळहात पालथा-उताणा करण्याची हालचाल तर पहिल्यांदा जाते आणि बऱ्याचदा शेवटी परत येते. ती नसेल तर पैसे हातावर घेता येत नाहीत आणि ओंजळ होत नाही. घरच्यांना मात्र प्लास्टर निघालं म्हणजे हात बरा झाला असं वाटतं. ‘आता काय झालंय?’ हा प्रश्न कुणी बोलून दाखवला नाही तरी घरात फिरत राहतो. दुखणारा हात जपायची सवय लागलेली असते, जपल्यामुळे तो आणखी आखडतो, आखडल्यामुळे आणखी दुखतो. हा फेरा तोडणं हेच पुढच्या दोन-तीन महिन्यांचं काम असतं.

कायद्याने या नुकसानीचा भाव ठरवला आहे. कामगार भरपाईच्या १९२३ च्या कायद्याच्या परिशिष्टात कमाईची क्षमता किती घटली याची टक्केवारी दिलेली होती: अंगठा पूर्ण गेला तर ३० टक्के, एका हाताची चारही बोटं गेली तर ५०, तर्जनी पूर्ण गेली तर १४, मधलं बोट १२, अनामिका किंवा करंगळी ७. वाळूजच्या कारखान्यात नोंदीवर असलेल्या कामगाराला अशा कायद्यांचा आणि कर्मचारी राज्य विमा योजनेचा आधार असतो. शेतकरी कुटुंबासाठी राज्य शासनाची गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना २०२३ पासून आहे. त्यात दोन अवयव गेले तर दोन लाख आणि एक अवयव गेला तर एक लाख रुपये मिळतात. आखडलेल्या मनगटाला यातलं काहीच लागू होत नाही. हात शाबूत आहे, नुसता चालत नाही. आणि मजुरीवर जाणाऱ्या बाईचा रोज बुडाला त्याची नोंद कुठेच नाही. सुईकामाकडे वळणाऱ्या बहुतेक जणी या नोंद नसलेल्या गटातल्या असतात.

गोधडी हे मराठवाड्याच्या घराघरातलं काम आहे. शेतातली कामं थंडावली की चैत्र-वैशाखात जुनं अंथरूण-पांघरूण बाहेर येतं, धुतलं जातं, आणि फाटलेल्याची भर घालून नवी गोधडी अंथरली जाते. खाली अस्तराला धड राहिलेली सुती साडी किंवा धोतर, मध्ये विरलेल्या कपड्यांचे थर, वरून तुकडे जोडून केलेला दर्शनी पदर. कडा आत दुमडून, कोपऱ्यांवर वजन ठेवून, लांब कच्च्या टाक्यांनी थर एकमेकांना धरून ठेवतात. मग धावदोरा सुरू होतो, बहुधा कडेने आत आत येणाऱ्या चौकोनी फेरांत. शिवणारी बाई गोधडीवरच बसते, एक पाय दुमडून, दुसऱ्या पायाच्या अंगठ्याने कापड ताणून धरते. मोठ्या गोधडीला दोघी-तिघी समोरासमोर कोपरे धरून बसतात. थर जाड असले की सुई आरपार जायला जोर लागतो. बोटाला अंगुस्तान नसेल तर सुईच्या नेढ्याकडचं टोक बोटात रुततं.

इथे घाई करून चालत नाही. प्लास्टर निघालेल्या हाताने लगेच जाड गोधडी घेणं ही चूक आहे, कारण चार-पाच थरांतून सुई दाबताना अंगठ्याच्या मुळावर आणि मनगटावर पडणारा ताण भरत आलेल्या हाडाला आणि स्नायूंना सोसत नाही. योग्य सुरुवात त्याच कामाच्या धाकट्या रूपात आहे. तान्ह्या बाळाचं दुपटं दोन-तीन थरांचं असतं, मऊ पडलेल्या साडीचं. सुई सहज जाते, टाका दिसतो, आणि काम दोन-चार बैठकांत आकाराला येतं. कुंची आणि टोपडं आणखी लहान. ज्यांना भरतकाम येतं त्या मॅटीच्या कापडावर फुलीचा टाका घालतात. त्या कापडाची वीण उघडी असल्याने सुई कुठे घालायची हे डोळ्यांना कळतं आणि बोटांना जोर करावा लागत नाही. साखळी टाका, उलटी टीप ही त्याच्या पुढची पायरी. लोकर आणि क्रोशेची सुई जाड असते, पकडायला सोपी. पण क्रोशेत मनगट सतत एकाच दिशेने वळतं, म्हणून ते आधी थोडं थोडंच करावं.

शिवताना हात नक्की काय करतो हे पाहिलं तर त्याचा उपयोग स्पष्ट होतो. माणसाच्या हातात सत्तावीस हाडं असतात आणि त्यांचं सगळं कौशल्य अंगठा इतर बोटांसमोर येण्यात आहे. सुई धरणं म्हणजे अंगठा आणि तर्जनीची चिमूट, मधल्या बोटाचा टेकू. टाका उचलताना मनगट किंचित मागे झुकतं, पुढचा हात थोडा फिरतो. दोरा ओढताना कोपर आणि खांदा मोकळे होतात. दुसरा हात कापडाखालून सुईचं टोक चाचपत असतो. तज्ज्ञ रुग्णाला बोटं वळवण्याचे, चिमटीचे, मनगट फिरवण्याचे जे व्यायाम शिकवतात, त्यातले बरेचसे एका धावदोऱ्यात येऊन जातात. फरक एवढाच की ‘रोज पन्नास वेळा बोटं मिटा-उघडा’ असं सांगितलेलं बहुतेक घरी पाळलं जात नाही, आणि दुपट्याचा एक फेर मात्र पुरा केल्याशिवाय उठावंसं वाटत नाही.

मज्जातंतू तुटला असेल तर गोष्ट आणखी सावकाश होते. शिवलेला मज्जातंतू दिवसाला सुमारे एक मिलिमीटर या गतीने पुढे वाढतो. मनगटापाशी तुटला असेल तर बोटाच्या टोकापर्यंतचं अंतर पंधरा-सतरा सेंटिमीटर, म्हणजे पाच-सहा महिने. या काळात आधी मुंग्या येतात, मग स्पर्श कळतो पण कुठला ते कळत नाही. बोटांना पुन्हा ओळख शिकवावी लागते. त्यासाठी उपचारक वेगवेगळ्या पोतांची कापडं हाताखाली देतात, आधी डोळे उघडे ठेवून, मग मिटून. मऊ सुती, खादी, लोकर, साडीचा जरीकाठ, गोणपाट हे सगळं गोधडीच्या बोचक्यात आधीच असतं. मेंदूत बोटांसाठी राखलेला भाग शरीराच्या इतर भागांच्या मानाने फार मोठा असतो, हे कॅनडातले मज्जाशल्यविशारद वाइल्डर पेनफील्ड यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात शस्त्रक्रियेदरम्यान मेंदूला विजेचा सौम्य स्पर्श करून दाखवलं. तो भाग वापराने जागा राहतो. म्हणून हा सराव बोटांइतकाच मेंदूचाही असतो.

स्नायुबंध, म्हणजे बोटं ओढणारी दोरी, तुटून शिवलेला असेल तर पहिले तीन महिने सुई-दोऱ्याची निवडही डॉक्टरांना विचारूनच करायला हवी. शिवलेला स्नायुबंध जोराच्या चिमटीने पुन्हा सुटतो, आणि दुसऱ्यांदा शिवलेला हात पहिल्यासारखा होणं कठीण असतं.

एकच हात चालत असेल तरी शिवता येतं. भरतकामाची रिंग टेबलाच्या कडेला शिकंज्याने घट्ट बसवली की दुसऱ्या हाताची गरज उरत नाही. सुई उशीत किंवा साबणाच्या वडीत उभी रोवून दोरा ओवता येतो. ओवायची तार असली तर आणखी सोपं. बोटं नीट मिटत नसतील तर सुईला रबराचा तुकडा गुंडाळून ती जाड करतात. गाठ मारण्याऐवजी सुरुवातीला दोन टाके एकावर एक घातले की दोरा धरून राहतो.

मनावर होणाऱ्या परिणामाबद्दल बोलताना भाबडेपणा टाळायला हवा, पण संकोचही नको. १९६५ साली रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी वेदनेचा एक सिद्धांत मांडला: दुखऱ्या जागेपासून मेंदूकडे जाणारा संदेश मज्जारज्जूत एका दारातून जातो, आणि ते दार किती उघडं राहील हे स्पर्श, लक्ष आणि मनःस्थिती यांवरही ठरतं. त्यानंतर या सिद्धांतात पुष्कळ दुरुस्त्या झाल्या, तरी लक्ष दुसरीकडे गुंतलं की वेदना खरोखर कमी जाणवते, ही गोष्ट टिकून आहे. धावदोऱ्यात लक्ष पूर्ण लागतं पण ताण येत नाही. टाका चुकला तर उसवता येतो. ब्रिटनमध्ये जिल रायली, बेट्सन कॉर्कहिल आणि क्लेअर मॉरिस यांनी जगभरातल्या ३,५४५ विणकाम करणाऱ्यांना प्रश्न विचारून २०१३ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. जे वारंवार विणतात त्यांनी शांत आणि आनंदी वाटत असल्याचं अधिक सांगितलं. ही सगळी विणकामाची आवड असलेलीच मंडळी होती, त्यामुळे हा पुरावा मर्यादित आहे. तरी इतक्या लोकांनी एकच गोष्ट सांगावी याला अर्थ आहे. ब्रिटनचा डायव्हिंगपटू टॉम डेली टोकियो ऑलिम्पिकच्या प्रेक्षकगॅलरीत विणत बसलेला २०२१ साली सगळ्या जगाने पाहिला. त्या स्पर्धेच्या काही आठवडे आधी त्याच्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली होती. तरीही त्याने मॅटी लीच्या साथीने सुवर्णपदक मिळवलं आणि पदकाला ओरखडे पडू नयेत म्हणून लोकरीची पिशवी विणली.

लासूरच्या घरातल्या बाईसाठी मात्र शांत वाटण्यापेक्षा मोठी गोष्ट दुसरीच आहे. दुखापतीने तिच्याकडून काम काढून घेतलेलं असतं, आणि कामाबरोबर घरातला शब्दही. दुपटं तयार झालं की ते कुणाच्या तरी बाळंतिणीला जातं, गोधडी कुणाच्या तरी अंगावर पडते. आपण अजून कुणाच्या तरी उपयोगी आहोत हे सांगावं लागत नाही, ते घडीवर घडी ठेवलेलं दिसतं. आणि शिवणारी एकटी राहत नाही. गोधडी अंथरली की शेजारची येऊन दुसरा कोपरा धरते. हाताचं कसं झालं, किती खर्च आला, रात्री झोप लागते का, हे सगळं मान खाली घालून, सुईकडे बघत बोलता येतं. समोरासमोर बसून जे विचारायला जड जातं ते इथे सहज निघतं.

हाताला काम देऊन माणसाला बरं करण्याची ही रीत रुग्णालयांत रुजली ती पहिल्या महायुद्धात. १९१७ च्या मार्चमध्ये अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या क्लिफ्टन स्प्रिंग्ज इथे ऑक्युपेशनल थेरपी, म्हणजे व्यवसायोपचार, या विद्येची पहिली संघटना स्थापन झाली. इंग्लंडमध्ये ब्रॅडफर्डला लुइझा पेसल या भरतकामतज्ज्ञ बाईंनी युद्धात मन खचलेल्या सैनिकांना टाके शिकवले. अर्नेस्ट थेसिजर हा नट १९१५ च्या पहिल्याच दिवशी फ्रान्सच्या खंदकात हातांना जखमा होऊन परतला होता. त्याला स्वतःला भरतकाम येत होतं, आणि अपंग सैनिकांना ते शिकवावं हा आग्रह त्याने धरला. सरकारी अधिकाऱ्यांना पुरुषांच्या हाती सुई देणं पटत नव्हतं. तरी १९१८ मध्ये अपंग सैनिकांचा भरतकाम उद्योग उभा राहिला आणि घरी खिळलेल्या माणसांच्या हातचं काम विकलं जाऊ लागलं. सुई ज्याने सुचवली त्याचेच हात दुखावलेले होते, ही या इतिहासातली सगळ्यांत बोलकी गोष्ट आहे.

आपल्याकडेही ही सुरुवात १९१७ सालीच झाली. मेसोपोटेमियात लढलेल्या सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये मराठा पलटणी होत्या. कुतच्या वेढ्यात अडकून २९ एप्रिल १९१६ रोजी या फौजेला शरण जावं लागलं. त्या आणि इतर आघाड्यांवरून हात-पाय गमावून परतलेल्या भारतीय जवानांसाठी मुंबईच्या गव्हर्नरांच्या पत्नी लेडी विलिंग्डन यांच्या पुढाकाराने मुंबईत क्वीन मेरीज टेक्निकल स्कूल सुरू झालं, ते पुढे पुण्याजवळ खडकीला हललं आणि आजही चालू आहे. तिथे अपंग जवानांना शिकवल्या गेलेल्या धंद्यांत शिंपीकाम होतं. बंदूक धरलेल्या हातांनी सुई धरण्यात कमीपणा नव्हता, कारण त्यातून पोट भरत होतं.

व्यवसायोपचाराचं रीतसर शिक्षण भारतात आणलं ते कमला निंबकर यांनी. मूळच्या अमेरिकन एलिझाबेथ लुंडी विष्णू निंबकरांशी लग्न करून इथल्या झाल्या. अमेरिकेत जाऊन त्यांनी हे शास्त्र शिकून घेतलं आणि १९५० साली मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयात देशातली पहिली व्यवसायोपचार शाळा सुरू केली. १९५२ मध्ये त्यांनी अखिल भारतीय संघटना उभारली. त्याच वर्षी स्थापन झालेल्या जागतिक महासंघाच्या संस्थापक देशांत भारत होता. पुढे १९५५ साली मुंबईत हाजीअलीला पुनर्वसनाची राष्ट्रीय संस्था झाली. फलटणचं कमला निंबकर बालभवन ही शाळा त्यांच्याच नावाची आहे. महाराष्ट्रात ही विद्या सत्तर वर्षांहून अधिक काळ शिकवली जाते, आणि तरी तालुक्याच्या ठिकाणी हाताचा उपचारक मिळणं दुर्मीळच आहे. लासूरच्या रुग्णाला त्यासाठी शहर गाठावं लागतं; प्रत्येक खेपेला भाडं, सोबतीला एक माणूस आणि दोघांचा बुडालेला रोज. म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या खेपेनंतर जाणं थांबतं आणि हात तिथेच अडकतो.

सुरुवातीच्या व्यवसायोपचारात विणकाम, टोपल्या, भरतकाम हेच मुख्य होतं. नंतर या विद्येने हस्तकलेपासून अंतर घेतलं. जेवणं, कपडे घालणं, कामावर परतणं यांचा सराव आणि मोजता येणारी प्रगती यांवर भर आला. त्याला कारण होतं, रुग्णाला कशाततरी गुंतवून ठेवणारी माणसं म्हणून त्यांना ओळखलं जाणं उपचारकांना नको होतं. पण ज्या बाईच्या रोजच्या जगण्यातच गोधडी आहे तिच्यासाठी हस्तकला आणि दैनंदिन काम असा भेद उरत नाही. घाटीत किंवा कुठल्याही रुग्णालयात प्लास्टर काढताना ‘घरी काय शिवता?’ एवढा प्रश्न विचारला गेला आणि त्याप्रमाणे चार सूचना दिल्या गेल्या, तर उपचार घरापर्यंत पोचेल. त्याला नवं यंत्र लागत नाही.

पुरुषांचा प्रश्न वेगळा आहे. प्रेसखाली बोट गमावलेला तरुण घरात बायकांबरोबर गोधडी धरून बसत नाही, आणि त्याला तसा आग्रह करून उपयोगही नसतो. त्याच्यासाठी सुईची ओळखीची रूपं दुसरी आहेत: शिंप्याच्या दुकानातलं काज-बटण, बाजार समितीत दाभण आणि सुतळीने पोत्याचं तोंड शिवणं, बैलांच्या झुली, चपला-दप्तरांची दुरुस्ती. दाभणाला पूर्ण मूठ लागते, चिमूट नाही. तर्जनी गेलेल्यालाही ते जमू शकतं, कारण मधलं बोट तिचं काम हळूहळू उचलतं.

सुईकाम सगळ्यांना चालत नाही, हे इथे स्पष्ट सांगायला हवं. मधुमेहाने किंवा कुष्ठरोगाने बोटं बधिर झालेली असतील तर सुई टोचलेली कळत नाही, जखम चिघळते आणि बोट जायची वेळ येते. अशांनी शिवू नये, किंवा बोथट क्रोशेवर थांबावं. प्लास्टर निघाल्यावर आठवडेच्या आठवडे हात सुजलेला, तापलेला, रंग बदललेला राहिला आणि नुसत्या वाऱ्यानेही कळ येत असेल तर तो वेदनेचा स्वतंत्र विकार असू शकतो. त्याला लवकर उपचार लागतो. पंधरा-वीस मिनिटांनी सुई खाली ठेवून बोटं पूर्ण उघडावीत. अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटाला रात्री मुंग्या येत असतील तर मनगटात मज्जातंतू दाबला जातोय असं समजून काम थांबवावं. झोप उडणं, जेवण जाणं, जगण्यात अर्थ वाटेनासा होणं असं झालं तर दुपटं शिवून भागत नाही. मानसोपचाराचा डॉक्टर लागतो, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही.

घरच्यांकडूनही एक धोका असतो. बाई शिवायला बसली की ती बरी झाली असं धरून विहिरीचा दोर, चूल आणि शेत एकदम तिच्या हाती परत दिलं जातं. सुई धरणं आणि भरलेली घागर उचलणं यांत दोन-तीन महिन्यांचं अंतर असतं. सासू, जाऊ, सून, नवरा यांनी ते अंतर राखलं नाही तर सुईने मिळवलेलं मनगट घागरीने जातं. गोधड्या शिवून देण्याची मागणी येते तेव्हाही हेच लक्षात ठेवायला हवं. मजुरी घेऊन गोधडी शिवणं हे कष्टाचं काम आहे. त्याचा दाम ठरवून घ्यावा, आणि दुखऱ्या हाताच्या गतीनेच मुदत द्यावी.

काही हात पूर्ण परत येत नाहीत. मनगट शेवटचं थोडं वळत नाही, एखादं बोट अर्धंच मिटतं. अशा वेळी शिवणाऱ्या बायका आपली रीत बदलतात: उजवीऐवजी डाव्या हाताने टाका उचलणं, मोठी गोधडी सोडून जोडकाम आणि कापड मांडणं स्वतःकडे घेणं, फेर मात्र सुनेकडून किंवा लेकीकडून घालून घेणं, पायाने चालणाऱ्या शिलाई मशीनवर कडा मारणं. कायमचं अपंगत्व चाळीस टक्के किंवा त्याहून अधिक असेल तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याप्रमाणे प्रमाणपत्र आणि युडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, मिळतं. त्यासाठी ऑनलाइन नोंदणी करून सरकारी रुग्णालयात तपासणीला जावं लागतं, आणि जाताना जुने एक्स-रे व उपचाराचे कागद सोबत असले तर खेप वाया जात नाही.